पाळीची दोरी

"मामाजी, माही गाठ सोडा," रुख्मा म्हणाली. डोक्यावरचा गवताचा भारा तिने खाली उतरवला नाही.

केवळराम पाणकर तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाला पाठ टेकून डुलकी काढत होता. दिवाळी तोंडावर आली होती. पाण्यावरून येणारा वारा इतका मऊ, की जागं राहणं म्हणजे निव्वळ कृतघ्नपणा. साठी उलटल्यापासून केवळरामच्या झोपेच्या आणि जागेपणाच्या मधला बांध पार खचला होता आणि इकडचं तिकडे वाहू लागलं होतं. त्यामुळे हे वाक्यही त्याला आधी स्वप्नातलंच वाटलं. डोळे उघडून पाहिलं तरी रुख्मा तिथंच उभी होती, तेव्हा तो सावरून बसला.

"कोनाची गाठ वं?"

"माही. शेवटची. मी भिलाईले जाऊन रायली."

कोसमटोल्याच्या तलावाचं पाणी एकतीस घरांच्या धानाला जात असे. कोणाची पाळी कोणानंतर, हे ना कुठल्या कागदावर होतं ना कुठल्या पाटीवर. ते केवळरामच्या कमरेला होतं. अंबाडीची एक लांब दोरी, तिला एकतीस गाठी. पहिली गाठ पाळीला लागून असलेल्या बांधीची, म्हणजे धानाच्या खाचराची, शेवटची पाटाच्या पार टोकाला असलेल्या रुख्माच्या बांधीची. कोहळी लोकांनी हा तलाव बांधला तेव्हापासून पाणकरकी, म्हणजे पाणी वाटायचं काम, याच घरात होती. दोरी झिजली की नवी वळायची आणि गाठी त्याच क्रमाने मारायच्या. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, गाव मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, पण पाणी आपलं दोरीवरच चाललं होतं.

या दोरीची एक रीत होती. गाव सोडून जाणाऱ्याने पाणकरापुढे येऊन आपली गाठ सोडवून घ्यायची, म्हणजे त्याच्या वाटणीचं पाणी खालच्याला मिळायला मोकळं होतं. पूर्वी गाठ सुटायची ती वंश बुडाला तरच. गेल्या तीन वर्षांत मात्र चौदा जण आपल्या पायांनी पाळीवर चढून आले होते. आणि केवळरामने प्रत्येकाला एकच शब्द विचारला होता.

"काऊन?"

"मामा, तिथं दोन खोल्यांचं क्वार्टर भेटते," सगळ्यात आधी गेलेला शालीकराम म्हणाला होता. "भाडं म्हनशील त आपल्या इथं बैल पोसाले त्याच्याहून जास्त लागते. आनि बाईले सारवाचं काम नाई. शिमिटाची जमीन हाय."

"तनखा तारीख को मिलती है," भैय्यालाल म्हणाला होता. तो गोंदियाच्या बाजारात राहून आल्यापासून महत्त्वाचं काही बोलायचं झालं की हिंदीत बोलायचा. "ढगाच्या तोंडाकडं पाहत बसा लागत नाई."

दुधरामचं आणि त्याच्या भावाचं दोन शेतांमधल्या वीतभर धुऱ्यावरून सात वर्षं भांडण होतं. तो म्हणाला, "तिथं धुराच नाई. मंग भांडन कायचं?"

सुशिलाबाईची दोन लेकरं तापाने गेली होती. ती तिसऱ्याला कडेवर घेऊन आली होती. तिने एवढंच सांगितलं, की तिथं दवाखान्यात चालत जाता येतं. तिला पुढे काही विचारायची केवळरामची छाती झाली नाही.

जागेश्वरला मात्र कारण सांगताच येईना. डोकं खाजवून खाजवून तो शेवटी म्हणाला, "सारे जाऊन रायले म्हून." केवळरामला चौदांमधलं हे सगळ्यात खरं कारण वाटलं होतं.

केवळराम गोंदियाच्या पलीकडे कधी गेला नव्हता. पण या कारणांवरून त्याने मोहाखाली बसल्या बसल्या अख्खी भिलाई वसवली होती. त्याच्या भिलाईला पोलादाच्या कारखान्याची मोठमोठी धुराडी होती, शिमिटाच्या जमिनी होत्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने घरं होती. गंमत म्हणजे तिथंही माणसं दोरीच्या क्रमानेच राहायची. शालीकरामच्या शेजारी भैय्यालाल, त्याच्या खाली दुधराम. डुलकी लागली की तो त्या रस्त्याने हिंडून यायचा, एकेका दाराशी थांबायचा. सगळी घरात असायची. जाग आली की समोर तलाव दिसायचा आणि मागे निम्मं रिकामं झालेलं गाव.

चौदांमध्ये त्याचा मुलगा मनिरामही होता. तोही इतरांसारखाच रीतीने पाळीवर आला, बापापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, माही गाठ सोडा." लग्न झाल्यावर त्याच्या वाटणीला दिलेली बांधी रुख्माच्या बांधीच्या लगेच वर होती. सगळ्यांना विचारलेला तो एक शब्द मुलाला विचारणं मात्र केवळरामच्याने झालं नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. "बरं, जाय," एवढंच तो बोलला आणि तलावाकडे पाहत राहिला.

आणि आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी त्याने गावाला कधी सांगितली नव्हती. चौदांपैकी एकाचीही गाठ त्याने सोडली नव्हती. माणसासमोर तो दोरी हातात घ्यायचा, अंगठा फिरवायचा, "सोडतो" म्हणायचा, आणि माणूस वळला की दोरी परत कमरेला. जाताना सगळे म्हणायचे, मंडईला येऊ. भाऊबीज झाली की गावात मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक होतं. त्या दिवसांत झाडीचा माणूस कुठेही असला तरी घरी येतो. पहिल्या वर्षी सगळे आले. दुसऱ्या वर्षी सहा. तरीही केवळराम प्रत्येक पाळीला त्या पडीत बांध्यांची तोंडं उघडी ठेवायचा. माणूस परत आला आणि त्याची जमीन तहानेने मेलेली असली, तर त्याला काय सांगायचं?

"मामाजी, ऐकता ना?" रुख्मा म्हणाली.

केवळरामने दोरी काढली. चाचपत चाचपत शेवटच्या गाठीपाशी आला. रुख्माचा नवरा वारून पाच वर्षं झाली होती. प्रेमिला नावाची नऊ वर्षांची पोर पदरात घेऊन ती एकटी रोवणी करायची, एकटी निंदायची. ती जाईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"काऊन वं पोरी?"

रुख्माने आता भारा खाली टाकला.

"सांगू? वाईट नका मानू. तुमच्यामुळं."

"माह्यामुळं?"

"धान निसवला. दाना भराच्या वक्ती एक पानी लागते, तुमाले सांगाचं काम नाई. आठ दिवसाआधी तुमी पानी सोडलं. माह्या बांधीत थेंब नाई आला. बांधी फाटली, मामाजी, हात जाते अंदर. आनि वर तुमच्या मनिरामच्या बांधीत गवतात पानी उभं हाय. शालीकरामच्या बांधीत हाय. बगळे चरून रायले." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मागच्या सालीबी असंच झालं. मी बोलली नाई. पाणकराले कसं बोलाचं? उद्या इळा लावतो. धान नाई त नाई, ढोराले चारा त होईल. तुमी साऱ्याईले विचारता, काऊन जाता, काऊन जाता. मी तुमच्यामुळं जाऊन रायली."

भारा उचलून ती पाळ उतरून गेली. दोरी हातात तशीच राहिली.

दुपारी केवळराम पाटाच्या कडेकडेने टोकापर्यंत चालत गेला. खरंच बगळे चरत होते. पडीत बांध्यांत पाणी आरशासारखं स्वच्छ उभं होतं आणि त्यात ढग दिसत होते; इतकं सुंदर, की क्षणभर त्याला बरंच वाटलं. मग रुख्माची बांधी आली. लोंब्या ताठ उभ्या होत्या. ताठ म्हणजे पोकळ. भरलेली लोंबी वाकते, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. प्रेमिला भेगेत गवताची काडी सोडून किती खोल जाते ते पाहत होती. त्याला पाहून तिने काडी बाहेर काढली आणि उंच करून दाखवली. केवळराम मागे फिरला.

"तुले माईत होतं?" घरी आल्यावर त्याने पुष्पाबाईला विचारलं.

त्याची बायको चुलीवर आंबील ढवळत होती. "अख्ख्या गावाले माईत हाय. तुमीच झोपेत राहता."

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? मनिरामच्या बांधीत पानी पाहून मलेबी बरं वाटे." तिने पळी ठेवली. "पन मी जाऊन आली ना त्याच्या घरी. तिथं नळ हाय. सकाळी आपोआप पानी येते. कोनी हाक नाई मारत, कोनी पाळी नाई पुकारत. पयल्या दिवशी मी वाट पाहत बसली का आता कोनी तरी म्हनल, मनिरामच्या घरची पाळी. कोनीच नाई म्हनलं. बादली भरून वाहून गेली. सूनबाई हासली मले." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "थे येत नाईत आता. मंडईले येतील, पाहुने येतात तसे. रुख्मा त इथंच हाय अजून. तिले तहानेली ठेवून कोनाची वाट पाहून रायले तुमी?"

केवळराम जेवला नाही. "भूक नाई" म्हणाला, तेव्हा पुष्पाबाई म्हणाली, "आंबील वाया जाईल. पाण्यासारखी." मग मुकाट्याने जेवला.

सकाळी धुकं होतं. तलाव दिसतच नव्हता, नुसता त्याचा वास येत होता. तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातलं दगडी दार. त्याला वरपासून खालपर्यंत तीन भोकं आणि तीन लाकडी दट्टे. पाणी उतरत जाईल तसा खालचा दट्टा काढायचा. वरचे दोन्ही उघडे पडले होते. तिसरा दीड पुरुष पाण्याखाली होता आणि तिथं जितकं पाणी उरलं होतं, ते रुख्माच्या बांधीला पुरेल एवढंच होतं, आणि तेही वाटेत कोणी प्यायलं नाही तर. मनिराम गावात होता तोवर तिसऱ्या दट्ट्याला तोच बुडी मारायचा.

"तुमी बुडाले त मी पाळी कोनाले मागू?" पुष्पाबाई पाळीवर कुदळ घेऊन उभी होती.

"बुडनाऱ्याचं खानदान नाई आपलं," केवळराम म्हणाला आणि पाण्यात शिरला.

पाणी खाली ऊबदार होतं. दगडाला धरून धरून तो उतरला तसा वरचा उजेड हिरवा झाला, मग तोही गेला. कानात एक गुणगुण सुरू झाली. लहानपणीही ती ऐकू यायची. आजा सांगायचा, की पाण्याला गावातलं सगळं ऐकू येतं आणि ते विसरत नाही. केवळरामला त्या गुणगुणीत बैलांच्या घंटा ऐकू आल्या, रोवणीची गाणी ऐकू आली, दुधराम आणि त्याचा भाऊ धुऱ्यावरून भांडताना ऐकू आले. एकतीसच्या एकतीस घरं तिथं होती. कोणी कुठं गेलं नव्हतं. इथंच राहावं असं त्याला फार वाटलं. इतकं शांत होतं आणि सगळी होती.

पण हाताला दट्टा लागला आणि हाताला आपलं काम ठाऊक होतं. त्याने दोनदा हिसका दिला. तिसऱ्यांदा दट्टा निघाला, पाण्याने बोटं ओढली, आणि केवळराम खोकत वर आला. पुष्पाबाईने त्याला दंडाला धरून ओढलं आणि आईवरून एक शिवी दिली.

"घरी जाय," तो म्हणाला. तिच्या हातची कुदळ घेतली आणि पाटाने निघाला.

कोरड्या पाटातून पाणी सरपटत येतं तेव्हा माणसाच्या चालीनेच येतं. केवळराम पुढे आणि पाणी मागे. पहिलं उघडं तोंड शालीकरामच्या बांधीचं होतं. त्याने चिखलाची चार ढेकळं ओढली, तोंड बुजवलं, पायाने दाबलं. कमरेची दोरी काढून शालीकरामची गाठ शोधली. तीन वर्षं भिजून वाळून ती दगड झाली होती. दातांनी सोडवावी लागली. "शिमिटाची जमीन हाय ना तुही," तो म्हणाला, "मंग राह्य सुखानं."

तोपर्यंत पाणी टाचेला लागलं होतं. तो पुढे निघाला.

भैय्यालाल. दुधराम. सुशिलाबाईच्या तोंडाशी तो जरा थांबला. "पोरगं बरं असू दे," म्हणाला आणि हाताने चिखल थापला, कुदळीने नाही. जागेश्वरच्या बांधीतून बगळे उडाले. धुकं विरत होतं, आणि त्याला वाटत होतं, की आपण पाटाने चालत नसून भिलाईच्या त्या रस्त्यानेच चाललो आहोत आणि एकेकाचं दार हलकेच ओढून घेत आहोत. दारं आतून कोणी उघडत नव्हतं. त्याला आता त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. कंबर मात्र दुखत होती आणि दोरी हातात लांब लांब होत चालली होती.

मनिरामच्या बांधीशी तो पोचला तेव्हा पलीकडे रुख्मा वाकलेली दिसली. तिचा विळा चालू होता. दोन ओळी आडव्या पडल्या होत्या.

केवळरामने कुदळ उचलली, आणि त्याचा हात थांबला. याच तोंडाशी मनिराम पाच वर्षांचा असताना केळीच्या सालीची नाव सोडायचा. पाणी आलं. पायांवरून गेलं आणि ओळखीच्या वाटेने मनिरामच्या गवतात वळलं. वीतभर, हातभर. केवळराम पाहत राहिला. पलीकडे विळ्याचा आवाज येत होता, खसक, खसक.

"रुख्मा!" तो एकदम ओरडला. "पानी आलं! तुही पाळी!"

गेल्या तीन वर्षांत त्याने टोकाच्या घराला अशी हाक दिली नव्हती. पाणी तिथवर आपोआप पोचतं असंच तो धरून चालला होता. विळा थांबला. केवळरामने कुदळ टाकून दिली, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून मुलाच्या बांधीचं तोंड बुजवलं, आणि चिखलाच्याच बोटांनी त्याची गाठ सोडली. तो रडत होता, आणि तोंड धुवायला पाणी हाताशीच होतं.

पाणी रुख्माच्या बांधीत शिरलं. आधी कितीतरी वेळ ते नुसतं भेगांतच जात राहिलं. जमीन पिताना आवाज येतो. तो तिघांनीही ऐकला. प्रेमिला काडी घेऊन भेगेपाशी बसली होती. काडी हळूहळू वर यायला लागली.

"दाना भरल," बऱ्याच वेळाने रुख्मा म्हणाली.

"भरल. दोन ओळी गेल्या, बाकी भरल." केवळराम चिखलाचे हात धोतराला पुसत म्हणाला, "मंग आता राहशीन ना?"

रुख्माने पाण्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि या म्हाताऱ्याशी तर ते बोलावंसंही वाटत नव्हतं.

"नाई मामाजी. धान कापून जाईन. मनिरामभाऊनं एक खोली पाहून ठेवली हाय, आमच्यासारख्याले परवडते. रेजाचं काम हाय, विटा वाहाचं. इथं सालातून एकदा पिकते, तिथं हाताले रोज काम हाय. आनि हे पोरगी शाळेत जाईल." तिने विळा कमरेला खोचला. "पन काल म्हनलं थे आता नाई. आता तुमच्यामुळं नाई जाऊन रायली. आता माह्या मनानं जाऊन रायली."

केवळरामने मान हलवली. पाळीवर दिलं होतं त्यापेक्षा हे कारण ऐकायला कितीतरी सोपं होतं.

मंडईला भिलाईहून तिघं जण आले. मनिराम त्यांत नव्हता. केवळरामने सगळ्यांची चौकशी केली. कोणालाही बांधीबद्दल काही बोलला नाही.

धान झोडपून झाल्यावर, अगहनातल्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, एका सकाळी केवळराम रुख्माला पोचवायला सौंदड ठेसनावर गेला. गोंदियाला जाणारी छोटी गाडी उशिरा येणार होती, म्हणजे वेळेवरच होती. रुख्माजवळ एक पेटी, नव्या तांदळाचं पोतं आणि एक गठुडं होतं. गठुडं सारखं सुटत होतं. लुगड्याची चिंधी बांधून पाहिली, तीही तुटली.

केवळरामने कमरेची दोरी काढली. तिला आता सतरा गाठी होत्या. फलाटावर उकिडवा बसून त्याने शेवटची सोडली. मग त्याच्या आधीची, मग तिच्या आधीची.

"अवो मामाजी, साऱ्या कायले सोडता?"

"सोळा घराईले एवढी लांब दोरी कायले लागते? नवी वळतो." सगळ्या गाठी सुटल्यावर त्याने दोरी गठुड्याला आडवी उभी गुंडाळली आणि ओढून बांधली. दोरी सरळ झाली होती, पण जिथं जिथं गाठ होती तिथं तिथं पीळ दबून वळ राहिला होता. प्रेमिला बोट फिरवून ते मोजायला लागली.

"कामी येईल," रुख्मा म्हणाली. "तिथं लुगडं वाळू घालाले होईल."

गाडी आली. सामान चढलं, पोरगी चढली. केवळराम खिडकीशी उभा राहिला.

"मनिरामले सांगजो," तो म्हणाला, "त्याची गाठ सोडली म्हून."

"सांगतो. आनि त्यानं विचारलं काऊन, त?"

गार्डाने शिटी दिली. केवळराम थोडा हसला.

"नाई विचारनार. माहाच पोरगा हाय थो."

गाडी गेल्यावर तो धानाच्या रिकाम्या बांध्यांतून आडवाटेने घरी आला. कंबर मोकळी मोकळी वाटत होती. दोनदा हात सवयीने तिथं गेला. पुष्पाबाईने विचारलं, गाडीत जागा मिळाली का. तो "मिळाली" म्हणाला, आणि मागच्या माळ्यावरून अंबाडीची जुडी काढून रांजणाजवळच्या टाक्यात भिजत घातली.